नाणी टाकल्यावर हा 'थोर माणूस' कुठून येतो? आय चिंगमधला जुन्झी, सोप्या भाषेत

फेंगशुईच्या दुकानात लटकवलेला तो आठकोनी आरसा तुम्ही बघितला असेलच, मधे गोल आरसा आणि भोवती सलग आणि तुटक रेघांचे तीन-तीनचे गठ्ठे. दक्षिण कोरियाच्या झेंड्यावर चार कोपऱ्यांत ज्या काळ्या रेघा आहेत त्याही त्याच कुटुंबातल्या. या सगळ्याचं मूळ आय चिंग नावाच्या जुन्या चिनी पुस्तकात आहे (तिकडे यीचिंग म्हणतात), आणि आता तर त्याची फुकट अ‍ॅप्स मिळतात, बटण दाबलं की तीन नाणी गरगरतात आणि उत्तर येतं.

पण उत्तर वाचून बहुतेक जण डोकं खाजवतात. विचारलेलं असतं "नोकरी सोडू का?" आणि समोर येतं, तळ्यातलं पाणी आटलंय, थोर माणूस जीव पणाला लावून आपला निश्चय पार पाडतो. अरे पण मी सोडू का नको ते सांग ना! आणि हा थोर माणूस कोण, तो मधेच कुठून टपकला, तो म्हणजे मी का दुसरा कोणी?

गंमत अशी की पुस्तकाची सगळी मेख याच माणसात आहे. चिनीत त्याला जुन्झी म्हणतात. तो कळला की बाकीचं कोडं बरंचसं सुटतं.

आधी रेघांचा हिशोब उरकून घेऊ

सलग रेघ म्हणजे यांग, मधे तुटलेली म्हणजे यिन. अशा सहा रेघा एकावर एक रचायच्या, खालून वर मोजत जायचं, की एक आकृती तयार होते. प्रत्येक जागी दोनच पर्याय असल्यामुळे एकूण 64 आकृत्या होतात. प्रत्येक आकृतीला नाव आहे, एक छोटं वचन आहे आणि तिच्या प्रत्येक रेघेलाही वेगळं वचन आहे, म्हणजे 384 रेघांची वचनं. सहा रेघांची आकृती म्हणजे तीन-तीन रेघांचे दोन गठ्ठे, आणि अशा आठ गठ्ठ्यांना निसर्गातली एकेक गोष्ट जोडलेली आहे: आकाश, जमीन, गडगडाट, पाणी, डोंगर, वारा, आग, तळं. तळ्याच्या खाली पाणी आलं म्हणजे तळं गळून गेलं, आटलं. वरच्या नोकरीवाल्याला आलेलं उत्तर तिथून आलं.

कौल लावायची जुनी पद्धत यॅरो नावाच्या झुडपाच्या काड्यांची. 50 काड्या घ्यायच्या, एक बाजूला ठेवायची, उरलेल्या 49 वाटत मोजत राहायचं, एका रेघेसाठी तीन फेऱ्या म्हणजे अख्ख्या आकृतीसाठी 18 फेऱ्या. नाणी नंतर आली, कारण माणसाला घाई असते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पुस्तक एका वेळी लिहिलेलं नाहीये. आकृत्यांची आणि रेघांची मूळ वचनं सगळ्यात जुनी, अभ्यासक ती साधारण इ.स.पू. नवव्या शतकाच्या आसपासची मानतात. त्यावरची दहा टिपणं, ज्यांना 'दहा पंख' म्हणतात, ती त्यानंतर काही शतकांनी आली. परंपरा सांगते की हे पंख कन्फ्यूशियसने लिहिले, पण अकराव्या शतकातच ओउयांग श्यू या चिनी विद्वानाने त्यावर शंका घेतली होती आणि आज फारसं कोणी ते मानत नाही.

जुन्झी मुळात खानदानी माणूस होता, चांगला असेलच असं नाही

जुन्या थरात जुन्झी म्हणजे सरळ सरळ सरदार घराण्यातला माणूस. जमीन-जुमला, रथ, लढाई, शिकार, राजाची चाकरी करणारा. आणि त्याच्या समोर उभा केलेला श्याओरन म्हणजे लहान माणूस, सामान्य रयत. यात नीतीचा फारसा संबंध नव्हता, कोण कुठल्या घरात जन्मला एवढाच प्रश्न. सातव्या आकृतीच्या शेवटच्या रेघेत लढाई संपल्यावर राजा जहागिऱ्या वाटतो तेव्हा बजावलंय की लहान माणसांना कामावर घेऊ नका. सरळ दरबारी सल्ला आहे, त्यात अध्यात्म शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

मग कन्फ्यूशियस आला (इ.स.पू. 551 ते 479) आणि त्याने या पदवीचा ताबा घेतला. जुन्झीपण वागण्यातून येतं, घराण्यातून येत नाही, हा त्याच्या शिकवणुकीचा गाभा. सरदाराचा पोरगा हलकट वागला तर तो श्याओरन, गरीब घरातला पोरगा शिकला, शब्दाला जागला, तर तो जुन्झी. त्यानंतर आय चिंग वाचणाऱ्या प्रत्येकाने जुनी वचनं याच चष्म्यातून वाचली आणि ती वाचता येतात हे विशेष, कारण काही रेघा अशा आहेत की त्यात सरदार आणि शहाणा माणूस दोघंही एकदम दिसतात.

हरणाच्या मागे जंगलात शिरायचं का?

तिसऱ्या आकृतीची तिसरी रेघ घ्या. आकृती सुरुवातीच्या अडचणींची आहे, नवीन काही उगवताना होणारी ओढाताण. रेघ म्हणते: वनरक्षकाशिवाय हरणाचा पाठलाग, नुसतंच जंगलात आत आत शिरणं. जुन्झी हे ओळखतो, त्याने सोडून दिलेलं बरं. पुढे गेला तर पस्तावेल.

एवढंच. पण चित्र बघा ना. सरदार शिकारीला निघालाय, रानाची माहिती असलेला माणूस सोबत नाही, हरीण समोरून पळालंय, घोडे तापलेत, अजून थोडंच अंतर आहे असं वाटतंय. या क्षणी थांबतो तो जुन्झी. हरीण सुंदर नव्हतं असं पुस्तक म्हणत नाही, हरणाच्या मागे लागणं पाप आहे असंही म्हणत नाही, वाट दाखवणारा नाही आणि जंगल दाट होत चाललंय एवढीच खूण दिलीय, बाकी ज्याचं त्याने ओळखायचं. मला सगळ्या पुस्तकात ही रेघ सगळ्यात जास्त आवडते, कारण इथे थोरवी म्हणजे काहीतरी मोठं करून दाखवणं नाहीये, वेळेत लगाम खेचणं आहे.

पहिल्या आकृतीच्या तिसऱ्या रेघेत अजून एक बाजू दिसते. तिथला जुन्झी दिवसभर राबतो आणि संध्याकाळीसुद्धा सावध असतो, जणू धोका अजून टळलेला नाही. निकाल काय? "धोका आहे, दोष नाही." म्हणजे सावध राहिल्याने धोका गेला असं कुठेच म्हटलेलं नाही! नशिबाचं पुस्तक म्हणून वाचणाऱ्याला हे उत्तर अजिबात पटत नाही, त्याला धोका गेलेला हवा असतो.

कौल एकच, पण दोघांना वेगळा

हा भाग सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो, म्हणून जरा सावकाश.

विसाव्या आकृतीचा विषय आहे बघणं, निरखणं. तिची पहिली रेघ म्हणते: पोरासारखं बघणं, श्याओरनला दोष नाही, जुन्झीला लाजिरवाणं. तीच नजर, तेच वरवरचं बघणं, पण एकाला माफ आणि एकाला नाही. तेहतिसाव्या आकृतीत, जी माघार घेण्याबद्दल आहे, चौथी रेघ सांगते की आवडती गोष्ट सोडून मागे हटणं जुन्झीला शुभ, श्याओरनला मात्र नाही. तेविसाव्या आकृतीत सगळं झडून गेलंय, झाडाला एकच मोठं फळ उरलंय आणि ते कोणी खाल्लेलं नाही, त्या प्रसंगात जुन्झीला रथ मिळतो आणि श्याओरन स्वतःच्याच झोपडीचं छप्पर उपटून बसतो.

हे असं का? वेधशाळेने सांगितलं उद्यापासून चार दिवस पाऊस, तर ज्याची पेरणी झालीय तो खूश आणि ज्याने वीटभट्टीवर कच्च्या विटा वाळत घातल्यात त्याचं दिवाळं. अंदाज दोघांना एकच, पण कोण काय करून बसलाय त्यावर तो चांगला का वाईट ते ठरतं. आय चिंगच्या आकृत्या हवामानाच्या जागी धरा. शुभ-अशुभ आकृतीत भरून ठेवलेलं नसतं, विचारणारा त्या हवेत कसा उभा आहे यावर ते ठरतं. अकराव्या शतकातला तत्त्वज्ञ चांग झाई याने तर एका ओळीत निकाल लावला, की हे पुस्तक जुन्झीसाठी मसलत करतं, श्याओरनसाठी करत नाही.

राजवाड्यात कोंडलेली मू च्यांग

आता कोणी म्हणेल की हे सगळं नंतरच्या पंडितांनी रचलेलं. तर ऐका.

लू नावाचं राज्य होतं, तेच पुढे ज्यात कन्फ्यूशियस जन्मला. तिथल्या राजाची आई मू च्यांग, हिने एका सरदाराशी संधान बांधून सत्तेचा डाव टाकला, डाव फसला आणि तिला पूर्वेकडच्या राजवाड्यात कोंडून ठेवलं. आत जाताना कौल लावला गेला, आकृती आली सतरावी, मागोमाग जाण्याची. शकुन बघणारा म्हणाला, बाईसाहेब, याचा अर्थ बाहेर पडणं, तुम्ही लवकरच सुटणार.

ती म्हणाली, नाही. या आकृतीच्या वचनात चार शब्द आहेत, प्रत्येकाला एकेक गुण लागतो, आणि चारही गुण असतील त्यालाच 'दोष नाही' हे पुढचं लागू पडतं. मग तिने स्वतःची झडती घेतली: मी बंडाळीत सामील झाले, राज्याला शांतता दिली नाही, स्वतःचंच नुकसान करून घेतलं, माझ्या पदाला शोभेल असं वागले नाही. चारांतला एकही गुण माझ्यात नाही, मग ही आकृती माझी कशी? मी इथेच मरणार.

आणि ती तिथेच मेली. ही नोंद झुओझुआन या जुन्या बखरीत इ.स.पू. 564 सालाखाली आहे, म्हणजे कन्फ्यूशियसच्या जन्माच्या 13 वर्षं आधीची. बखर नंतर लिहिली गेली आणि लिहिणाऱ्याने संवाद सजवला असेल हे मान्य, पण तरी बघा, ज्योतिषी गोड बोलतोय आणि कैदी बाई त्याला सांगतेय की उत्तर चांगलं आहे पण मी त्या उत्तराच्या लायकीची नाही. अशी भविष्य बघायची पद्धत मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही.

त्याच बखरीत इ.स.पू. 530 चा दुसरा किस्सा आहे. नान क्वाय नावाचा एक कारभारी आपल्या मालकाविरुद्ध उठायच्या बेतात होता, त्याने कौल लावला तर दुसऱ्या आकृतीची पाचवी रेघ आली, पिवळं अधोवस्त्र, अत्यंत शुभ. गडी हरखला. त्याने बेत काय ते न सांगता एका जाणत्याला नुसतीच रेघ दाखवली. तो जाणता म्हणाला, काम निष्ठेचं असेल तर होईल, नसेल तर हमखास बुडेल, वाकड्या कामासाठी हा कौल लावताच येत नाही. नान क्वाय तरी उठला, बेत फसला आणि त्याला शेजारच्या राज्यात पळून जावं लागलं.

त्रेपन्न वेळा तेच वाक्य

दहा पंखांपैकी एका पंखात प्रत्येक आकृतीसाठी एकच ओळ आहे, तिला मोठी प्रतिमा म्हणतात. साचा ठरलेला: आधी निसर्गातलं चित्र, मग "जुन्झी यावरून अमुक करतो". 64 पैकी 53 ठिकाणी जुन्झी आहे, सात ठिकाणी पूर्वीचे राजे आणि उरलेल्या चार ठिकाणी राज्यकर्ता किंवा महापुरुष अशा पदव्या. अ‍ॅपवर जे थोर माणसाचं वाक्य दिसतं ते बहुतेक वेळा इथूनच उचललेलं असतं.

आणि ही वाक्यं वाटतात तितकी गंभीर नाहीत हो. पहिली आकृती, नुसतं आकाश, ते न थकता फिरतं, म्हणून जुन्झी स्वतःला न थांबता घडवत राहतो, ठीक आहे, भारदस्त आहे. पण पाचवी बघा: ढग वर चढलेत, पाऊस अजून पडलेला नाही, तर जुन्झी काय करतो? खातो-पितो आणि मजेत राहतो! वाट बघण्याशिवाय हातात काही नाही तर जीव कशाला जाळायचा. सतरावी, जी मू च्यांगला आली होती, तिच्यात तळ्याच्या पोटात गडगडाट निजलाय, तर जुन्झी अंधार पडला की घरात जाऊन विश्रांती घेतो. सत्ताविसावी जबड्याची आकृती आहे, तिथे सांगितलंय बोलणं जपून, खाणं बेताने, कारण दोन्ही कामं एकाच तोंडाची. बेचाळिसावीत वारा आणि गडगडाट, चांगलं दिसलं की लगेच तिकडे वळतो, चूक दिसली की लगेच सुधारतो.

माझ्या मते सगळ्यात डोकेबाज पंधरावी. डोंगर जमिनीच्या पोटात आहे, बाहेरून काही दिसतच नाही, आणि आकृतीचं नाव नम्रता. जुन्झी काय करतो, तर जिथे जास्त आहे तिथलं कमी करतो, जिथे कमी आहे तिथे भर घालतो, तोलून-मापून सारखं वाटतो. नम्रता म्हणजे मान खाली घालून बसणं असं आपल्याला वाटतं, इथे ती वाटपाचा प्रश्न झालीय. आणि 64 मधली ही अशी आकृती आहे की जिच्या सहापैकी एकाही रेघेचा निकाल वाईट नाही, जे बाकीच्या बहुतेक आकृत्यांबद्दल म्हणता येत नाही.

मग कन्फ्यूशियस स्वतः कौल लावायचा का?

1973 मध्ये चीनच्या हुनान प्रांतात, छांगशा शहराजवळ मावांगद्वे इथे इ.स.पू. 168 मध्ये बंद केलेली एक कबर उघडली, त्यात रेशमावर लिहिलेलं आय चिंग सापडलं आणि सोबत तोपर्यंत कोणाला माहीत नसलेली काही टिपणंही. एका टिपणात म्हातारा कन्फ्यूशियस हे पुस्तक घरी असला की चटईवर आणि प्रवासात असला की पिशवीत ठेवतो असं वर्णन आहे. शिष्य झीगोंग जरा वैतागूनच विचारतो, गुरुजी, तुमचा या कौलावर विश्वास आहे का? उत्तर असं की शंभर वेळा लावला तर सत्तर वेळा जमला, पण मला त्यातलं सद्वर्तन बघायचंय, शकुन सांगणाऱ्यांचा आणि देवऋषींचा रस्ता माझाच आहे, पोचायचं ठिकाण वेगळं.

हे त्याचेच शब्द का हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आत लोक त्याच्या तोंडी हे घालत होते एवढं नक्की. आणि त्याच्या वचनांच्या संग्रहातही एक प्रसंग आहे, तिथे तो बत्तिसाव्या आकृतीची रेघ म्हणून दाखवतो, की जो आपल्या चांगुलपणात सातत्य ठेवत नाही त्याच्या पदरी अपमान येतो, आणि पुढे म्हणतो की हे कळायला कौल लावायची गरजच नाही. नंतरचा श्वुन्झी (हे कन्फ्यूशियसच्याच परंपरेतल्या एका विचारवंताचं नाव) तर म्हणूनच गेला की ज्याला हे पुस्तक खरं कळलं तो कौल लावत नाही.

"नाणी तर रँडम पडतात, मग यात अर्थ काय?"

पडतात ना, रँडमच पडतात. इतकी रँडम की काड्या आणि नाण्यांची शक्यतासुद्धा जुळत नाही: बदलणारी यिन रेघ (कौलात जी तुटक रेघ उलटून सलग होते ती) काड्यांनी 16 मधून एकदा येते आणि नाण्यांनी दोनदा. म्हणजे अ‍ॅपवाला आणि जुना काड्यांवाला एकच खेळ खेळत नाहीयेत. भविष्य कळतं असा पुरावा मला तरी माहीत नाही आणि तसा दावा मी करणार नाही. पण जुन्झीचा उपयोग नाणं खरं असण्यावर अवलंबून नाही, हेच तर मू च्यांगच्या गोष्टीत दिसतं, तिने आकृती कशी आली याची चर्चाच केली नाही, तिने आकृती समोर धरून स्वतःला तपासलं.

"पण हे सरदारांचं आणि पुरुषांचंच पुस्तक ना?"

हो, आणि ते लपवायचं कारण नाही. ज्या विसाव्या आकृतीत पोरासारखं बघणं जुन्झीला लाजिरवाणं म्हटलंय, तिच्याच पुढच्या रेघेत दाराच्या फटीतून डोकावणं बाईला चालतं असं आहे. म्हणजे तिने आतूनच बघावं, तेवढं तिला पुरे. मू च्यांगसुद्धा स्वतःला दोष देताना आधी "मी बाई असून" असं म्हणते. श्याओरन हा शब्दही गरिबाचा अपमान आणि नीच माणसाची निंदा या दोन्ही कामांना वापरला गेला, कधी कुठलं काम चाललंय हे वाचणाऱ्याने बघावं लागतं आणि अनुवादकांनी ते बऱ्याचदा झाकून टाकलंय. जन्मावरून वागण्यावर आलेली ही पदवी नंतर शिकलेल्या अधिकारी वर्गाने स्वतःच्या नावावर करून घेतली, हेही तितकंच खरं.

आज जुन्झी कुठे भेटतो?

बीजिंगच्या त्सिंग्वा विद्यापीठाच्या बोधवाक्यात. 1914 मध्ये ल्यांग छीछाव या विचारवंताने तिथल्या पोरांपुढे जुन्झीवर भाषण केलं, पहिल्या दोन आकृत्यांच्या मोठ्या प्रतिमा सांगितल्या, न थांबता स्वतःला घडवणं आणि जमिनीसारखं सगळ्यांना पेलणं, आणि तेच पुढे बोधवाक्य झालं. जपानीत तर मजाच झालीय. एकोणपन्नासाव्या आकृतीत जुन्झी बिबट्यासारखा बदलतो असं आहे, म्हणजे अंगावरचे ठिपके नवे उजळून येतात तसा आतून-बाहेरून, आणि श्याओरन नुसता चेहरा बदलतो. जपानीत ही म्हण आज सर्रास टोमणा म्हणून वापरतात, काल एक बोलला आज दुसरंच, त्या माणसाला उद्देशून.

अ‍ॅप वापरत असाल तर एक सुचवतो, नाणी टाकायच्या आधी एकदा त्या 64 मोठ्या प्रतिमा ओळीने वाचून काढा, अर्ध्या तासात होतात. मग पंधरावी आणि तिसरी आकृती रेघेरेघेने. आणि उत्तरात जुन्झी आला की तो मीच आहे असं लगेच धरून चालू नका, श्याओरनवाला अर्धा भागही वाचा, अनेक अ‍ॅप्स तो गाळतात.